बंदरावर वाळत घातलेल्या गोधड्या

मोटार थांबली आणि तिच्या मागोमाग माशांच्या ड्रमांतला हवेचा पंपही थांबला. चारही ड्रमांतले बुडबुडे एकदम बंद झाले. नाव वैनगंगेच्या बरोबर मध्यावर होती. ती आडवी झाली आणि प्रवाहाबरोबर निघाली. खालच्या अंगाला काळ्या दगडांची एक रांग नदीत पसरली आहे, तिथे पाणी पांढरं होऊन फुटत होतं. तिकडे आतापर्यंत कोणी बघितलं नव्हतं. आता आम्ही चौघांनीही बघितलं.

नाव चालवणारी रेखा मोटारीची पेटी (बॅटरी) उघडून बसली होती. तिने दोन तारा काढल्या, पदराने पुसल्या, परत लावल्या. काही झालं नाही.

"पेटी मेली, मावशी," ती म्हणाली.

निमाई हा मासेवाला, साठीच्या पुढचा माणूस, ड्रमात वाकून बघत होता. तो म्हणाला की पंप नसला तर अर्ध्या तासात मासे श्वासासाठी वर येतील आणि मग उलटे होतील. शमीमबी बांगडीवाली टोपली पोटाशी धरून दगडांकडे बघत होती. आणि मी हसत होते. मला भलत्या वेळी हसू येतं. स्वतःच्या लग्नात आलं होतं, सासऱ्याच्या मयतीत आलं होतं. त्यात मी काही करू शकत नाही.

तिथपर्यंत कशी पोचले ते सांगते.

माझं गाव मूल शहराजवळ. मुलगी कांता मुलचेऱ्याला दिली आहे. नवरात्रात नऊ दिवस तिच्याकडे राहायचं ठरलं होतं. पुलावरून फिरून जाणारी एसटी आहे, पण माझी धाकटी बहीण बायजा वैनगंगेच्या काठी राहते आणि गेलं वर्षभर तिने फोनवर एकच धोशा लावला होता, आमच्या घाटावर उन्हाची नाव आली आहे, बघायला ये. धूर नाही, आवाज नाही, डिझेल नाही. मी म्हटलं, चला, मरायच्या आधी तेही बघून घेऊ. पोंभुर्ण्यापर्यंत एसटीने आणि पुढे काळी-पिवळी जीपने गेले. धान लोंबीवर आलं होतं, उघड्या खिडकीतून त्याचा वास येत होता. एका वळणावर ड्रायव्हरने गाडी थांबवली, कारण रस्त्यात वाघ बसला आहे असं समोरून येणाऱ्या सायकलवाल्याने सांगितलं. आम्ही बारा जण काचा लावून बसलो. गाडीला मागची काच नव्हतीच. बऱ्याच वेळाने गवतातून जो उठला तो कुणाचातरी पिवळा गोऱ्हा होता. ड्रायव्हर पुढे गावापर्यंत कोणाशी बोलला नाही.

बायजाने भात, अंबाडीची भाजी आणि त्यात झिंगे (सुकवलेली लहान कोळंबी) असा बेत केला होता. मी दोनदा भात घेतला आणि मग तिच्याबरोबर घाट बघायला गेले.

पूर्वी तिथे वाळू, एक उंबर आणि लहानूभाऊचा डोंगा (लाकडाची वल्ह्यांची होडी) एवढंच होतं. आता पत्र्याची शेड आहे. शेडच्या बाजूला कमरेएवढ्या उंचीच्या लोखंडी घोड्यांवर निळ्या-काळ्या काचेच्या मोठ्या पाट्या तिरप्या लावल्या आहेत. त्या ऊन खातात आणि शेडमधल्या पेटीत साठवतात. पेट्या दोन आहेत. एक नावेत चालते तेव्हा दुसरी शेडमध्ये भरते, आणि दुपारी अदलाबदल होते. घाट बायकांचा गट सांभाळतो, बायजाही त्यात आहे. पाट्यांभोवती तारेचं कुंपण आहे, त्याच्या फाटकाची चावी दर आठवड्याला वेगळ्या बाईकडे असते. त्या आठवड्यात बायजाकडे होती.

ज्या इंजिनियरने हे बसवलं त्याने गटाच्या बायकांना सांगितलं होतं की समुद्रावरच्या मोठ्या बंदरांवर आता असंच करू लागले आहेत. गोदामांच्या छपरांवर अशा पाट्या, ट्रकाएवढ्या पेट्या, आणि जहाज धक्क्याला लागलं की ते आपलं इंजिन बंद करतं आणि किनाऱ्यावरून साठवलेलं ऊन घेतं. म्हणजे हेही बंदरच, असं तो म्हणाला होता. तेव्हापासून बायजा घाटाला बंदर म्हणते. मी समुद्र बघितलेला नाही. चौथीच्या पुस्तकात बंदराचं चित्र होतं, त्यात एक जहाज आणि बरेच हमाल होते. इथे हमाल नव्हते, उंबराखाली लहानूभाऊ बिडी ओढत बसला होता. नवी नाव आल्यापासून त्याच्या डोंग्यात बसणारे कमी झाले होते. जो भेटेल त्याला तो सांगायचा की पेटी आहे ती, एक दिवस दगा देणार.

आता माझ्या अकलेचा भाग. घट बसायच्या आधी घरातल्या सगळ्या गोधड्या धुवायच्या हे तुम्हाला सांगायला नको. दुसऱ्या दिवशी सकाळी बायजाने सहा गोधड्या नदीवर काढल्या. दोघींनी मिळून त्या तुडवल्या, आपटल्या, पिळल्या. भिजलेली गोधडी म्हणजे मेलेली म्हैस. एक तर पाण्यात अशी ओढली गेली की तिच्याबरोबर मीही कमरेपर्यंत गेले आणि बायजाने मला वेणीला धरून मागे घेतलं. इतकी वर्षं तिला माझी वेणी ओढायची होतीच.

वाळूवर घातल्या तर वाळू चिकटते, झुडपांवर घातल्या तर काटे शिरतात. मी वर बघितलं. स्वच्छ, तिरप्या, गुळगुळीत, उन्हाकडे तोंड केलेल्या पाट्या. मी म्हटलं, इथे घाल.

बायजा म्हणाली, "चालते काय?"

"काच आहे. काचेले काय होते?"

तिने फाटक उघडलं. आम्ही सहाही गोधड्या पसरल्या, एकही पाटी उघडी राहिली नाही. निळ्या-लाल ठिगळांनी बंदर इतकं सुंदर दिसत होतं की मी बायजाला फोटो काढायला लावला. रेखा तेव्हा बाजाराची माणसं पोचवत नदीवर ये-जा करत होती. नाव चालवण्यात तिचं लक्ष, घाटाच्या वरच्या अंगाला तिने पाहिलं नाही. दुपारपर्यंत चार गोधड्या कडकडीत वाळल्या. दोन जाड होत्या, त्या दमट राहिल्या. त्या बायजाने मला कांतासाठी बांधून दिल्या. आम्ही पाट्या रिकाम्या केल्या, फाटक लावलं, जेवलो. मग रेखा आली, शेडमधली पेटी उचलून नावेत ठेवली आणि आम्ही बसलो.

नाव निघाली तेव्हा मी लहान पोरीसारखी खूश होते. आवाजच नाही. पाण्याचा आवाज येतो, बगळ्याच्या पंखांचा येतो, मागच्या काठावर कोणी शिंकलं तर ते येतं. मी काठावरच्या बायजाला ओरडून सांगितलं की मला स्वर्गात नेत आहेत. शमीमबी म्हणाली, स्वर्गात जाताना हात उघडे बरे दिसत नाहीत, बांगड्या भरून घे. ती चामोर्शीच्या बाजाराला निघाली होती. नवरात्राच्या आधीचा बाजार म्हणजे तिचा वर्षाचा बाजार. तिने नावेतच माझा हात दाबून दाबून हिरव्या बांगड्या चढवायला घेतल्या.

निमाई चार निळ्या ड्रमांमध्ये बसला होता. तो मुलचेऱ्याकडच्या बंगाली गावातला. ड्रमांत बोटुकली (बोटाएवढी माशांची पिल्लं) होती, रोहू आणि कटला. गावची बोडी (लहान तलाव) त्याने आणि त्याच्या सुनेने मासे पाळायला घेतली होती. गेल्या वर्षी पिल्लं पुलावरून फिरून जीपने आणली, ती वाटेतच मेली आणि बोडी वर्षभर रिकामी राहिली. मुलगा हैदराबादेकडे कामाला निघून गेला. सून म्हणाली होती, अजून एकदा करून बघू, नाही तर मीही जाते. ही हंगामातली शेवटची पिल्लं होती, मत्स्यबीज केंद्रावर आता उरली नव्हती. पलीकडच्या काठावर सून गाडी घेऊन उभी होती. उन्हाच्या नावेत पेटीवर हवेचा पंप चालतो, म्हणून तो मुद्दाम या घाटाने आला होता. हे सगळं त्याने मला एका दमात सांगितलं आणि प्रत्येक वाक्यानंतर ड्रमात बघितलं.

आणि नदीच्या मध्यावर पेटी मेली.

रेखाने वल्हं घेतलं. पण ती नाव लहानूभाऊच्या डोंग्यासारखी हलकी नाही आणि वर चार ड्रम पाणी. वल्ह्याने फक्त तोंड फिरलं. मी म्हटलं, नांगर टाक. लोखंडी नांगर घाटावरच्या शेडमध्येच राहिला होता. दोर होता, नांगर नव्हता. मी म्हटलं, मग ही मेलेली पेटी टाक, चांगली जड आहे. रेखाने माझ्याकडे असं बघितलं की जणू मी तिचं लेकरू टाकायला सांगितलं.

तेव्हा मला सकाळची म्हैस आठवली. मी गाठोडं सोडलं, एक गोधडी दोराला बांधली आणि पाण्यात लोटली. ती आधी तरंगली, मग फुगली, मग गाठ सुटली आणि ती एकटीच दगडांकडे निघून गेली. गाठ मी बांधली होती. दुसरी रेखाने बांधली, ढिवराच्या, म्हणजे मासेमाराच्या, पोरीची गाठ. गोधडी भिजून बुडाली, तळाला घासत गेली, दोर ताठ झाला, सुटला, परत ताठ झाला. मग खाली कशात तरी अडकली. नावेने असा हिसका दिला की शमीमबी माझ्या मांडीवर आली. दगडांचं पांढरं पाणी तिथून हात लांबवला तर लागेल एवढं जवळ दिसत होतं. भीती जेवढी मोठी, तेवढं ते जवळ दिसतं. नाव थांबली.

पण मासे वर येऊ लागले होते. हजार तोंडं पाण्याच्या वर उघडझाप करत होती.

निमाईने बाही वर केली आणि तळहाताची वाटी करून पाण्यावर थाप मारली. ढवळायचं नाही, थाप मारायची, म्हणजे हवा आत जाते. पंप यायच्या आधी असंच करायचे. त्याचा बाप मडक्यांत पिल्लं घालून कावडीने न्यायचा, आणि पाणी हिंदकळत राहावं म्हणून कोसभर नाचत जायचा. लोक त्याला वेडा समजायचे.

"हात मारा दिदी, हात," तो मला म्हणाला. "हात थांबला का मासा गेला."

एक ड्रम निमाईने घेतला, एक शमीमबीने, एक मी. चौथा रेखाचा होता, पण तिला दोर आणि वल्हं सोडता येत नव्हतं. मी एक हात माझ्या ड्रमात आणि दुसरा चौथ्यात मारत होते. डावा हात माझा तेवढा चालत नाही.

शमीमबीच्या दोन्ही हातांत कोपरापर्यंत बांगड्या, दुकानाची पाटीच ती. प्रत्येक थापेला छन्न वाजायचं. मग निमाई त्या तालावर मारू लागला, मग मीही. छन्न, थप, थप. पाणी तोंडावर उडत होतं, लुगडं भिजलं, शमीमबीने आपली चादर काढून दोन ड्रमांवर सावली केली. ती म्हणाली, "बांगड्या फुटल्या तं फुटू दे, पर हे पोट्टे जगले पायजे." मी म्हटलं, तुझा बाजार बुडला. ती म्हणाली, बाजार उद्या भरेल, परवा भरेल, कुठे पळतो. मग निमाई त्याच्या बापासारखा उभ्याने नाचून दाखवू लागला आणि नाव डुचमळली. रेखा ओरडली की म्हाताऱ्या लोकांनो, खाली बसा. आम्ही तिघं मिळून दोनशे वर्षांची माणसं, पोट धरून हसत होतो आणि थापा मारत होतो. इतकी मजा मला कित्येक वर्षांत आली नव्हती. खोटं कशाला बोलू.

रेखा हसत नव्हती. तिने पेटीवरचे दिवे बघितले, चारांतला एकही लागत नव्हता. ती स्वतःशीच बोलत होती. "सकाळपासून कडक ऊन आहे. एक ढग नाई. रोज दुपारी भरते, म्हून मी दिवे पाह्यलेच नाई. मंग आजच काऊन नाई भरली?"

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. सहा गोधड्या.

मी तोंड मिटून थापा मारत राहिले. हसू गेलं. वाटलं होतं पलीकडे गेल्यावर बायजाला फोन करीन, दोघीच हळहळू, बस.

तासाभराने लहानूभाऊचा डोंगा दिसला. बायजाने काठावरून बघितलं होतं आणि त्याला उंबराखालून उठवलं होतं. तो घाई न करता आला. दोर फेकायच्या आधी त्याने नावेला एक चक्कर मारली, सगळं नीट बघून घेतलं.

"काऊन वो रेखाबाई," तो म्हणाला, "सूर्य झोपला काय?"

रेखाची मान खाली गेली. हा माणूस आज संध्याकाळी उंबराखाली काय सांगणार ते तिला माहीत होतं आणि मलाही.

मी थाप न थांबवता म्हटलं, "सूर्य नाई झोपला, लहानूभाऊ. मीच त्याच्या तोंडावर गोधडी टाकली."

सगळ्यांचे हात थांबले. निमाई ओरडला, हात, हात. मग थापा मारत मारतच मी सगळं सांगितलं, कुठे घातल्या, किती घातल्या, फोटो कसा काढला, कोणाची अक्कल. रेखा माझ्याकडे बघत होती. मला वाटलं आता शिव्या देते. ती म्हणाली, "फोटोबी काढला?" मी म्हटलं, काढला. तेव्हा ती पहिल्यांदा हसली. लहानूभाऊ मात्र हसला नाही, त्याचं चांगलं बोलणं वाया गेलं होतं. त्याने दोर बांधला आणि आम्हाला पलीकडच्या काठाला ओढून नेलं. दोर कापून गोधडी तिथेच सोडावी लागली.

काठावर निमाईची सून गाडीवर पंप चालू करूनच उभी होती. तिने कोणाला काही विचारलं नाही, आधी चारही ड्रमांत हात घालून बघितलं. चौथ्या ड्रमात तिचा हात बराच वेळ राहिला.

त्यांच्याच गाडीत मी मुलचेऱ्यापर्यंत गेले. चामोर्शीला शमीमबी उतरली. तिच्या डाव्या हातात चार बांगड्या उरल्या होत्या आणि तिने माझा अर्धा राहिलेला हात बाजारात उभ्याने भरून दिला. पुढे घोटचं जंगल लागलं, रस्त्यावर दोन्ही बाजूंनी सागाची पानं, मोरांनी एकदा गाडी अडवली. मी फारसं बघितलं नाही. मागे बसून ड्रमावर थापा मारत होते. पंप चालू होता, तरी मारत होते. सुनेने एकदा सांगितलं की आता गरज नाही आजी. मी म्हटलं, असू दे.

मेलेली पिल्लं निमाईने पानात बांधून मला दिली. कांताने तिखट-मीठ लावून तळली. चांगली लागली.

दसऱ्यानंतर मी त्याच घाटाने परतले. पाट्यांच्या कुंपणावर रंगाने लिहिलं होतं, बंदरावर कपडे, धान, मिरच्या, वड्या, मोहफुलं वाळत घालू नये. माझ्यामुळे फक्त गोधड्यांचं लिहायला हवं होतं. पण रेखाने सांगितलं की गटाच्या सभेत एकेक बाई बोलू लागली, आणि कोणी काय काय घालायचा विचार केला होता ते बाहेर आलं. रेखाने माझ्या हातात फडकं दिलं आणि आधी पाट्या पूस, मग बायजाकडे जा म्हणाली. मी सगळ्या पुसल्या. येताना पलीकडच्या काठावर तिने पेटीवरचे चारही दिवे मला मोजून दाखवले होते आणि मगच नाव सोडली होती. मध्यावर, जिथे गोधडी आहे, तिथे तिने मोटार जरा हळू केली होती. मी वाकून बघितलं. काही दिसलं नाही.

ऊन साठवता येतं हे मला पटलं आहे. पण आधी ते पडू द्यावं लागतं. मला हे कळायला एवढं वय लागलं, तुम्हाला फुकट सांगते.

निमाईचा निरोप रेखाकडे आला होता. नावेतली चारही माणसं तर जगली होतीच. तीन ड्रमांतले मासे जगले, आणि माझ्या डाव्या हाताच्या ड्रमातले निम्मे.